गुरुवारचा भोंगा

१

माज्या सासऱ्यानं मगरीच्या पाठीवर बसून भीमा वलांडली व्हती. पल्याड गेल्यावर त्यानं मगरीला चिमूटभर तंबाकू बी दिली. ही गोष्ट मी सांगाया लागले की वाडीतली प्वारं पोट धरून हसत्यात. हसंनात का. तसं बगाया गेलं तर मगरी दोन व्हत्या, मीच एक कमी करून सांगते. पर आज जे सांगनार हाय त्यात पदरचं मीठ न्हाय. त्यातलं अर्धं माज्या म्होरं घडलं, आन् अर्धं माज्याच दळनानं उघडं पाडलं.

शुकीरवारी सकाळी डेरीला दूध घालाया निघालेल्या बायांनी बोंब मारली. पंचायतीच्या मागं, पान्याच्या टाकीखाली, घानेरीच्या झुडपात गेणू पडला व्हता. गेणू म्हंजी आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. बायको न्हाय, लेकरू न्हाय, त्यामुळं रातभर घरी आला न्हाय तरी इचारनारं कोन? डोकं फुटून रगात वाळलेलं. नाकाशी सूत धरलं तवा हाललं. माजा नातू दीपक, त्यानं गाडी काढली आन् बारामतीच्या दवाखान्यात न्हेलं. डाक्टर म्हनला, जीव हाय, पर सुद कवा येईल सांगता येत न्हाय.

आन् पंचायतीच्या छपरावं बगितलं तर भोंगा न्हाय.

कळस गावाच्या पल्याड आमची वाडी. दोन सालामागं हितली प्वारं पार बिघडली व्हती. कुनी मोटारीच्या केबली कापायचं, कुनी गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढून बायामान्सांच्या अंगावं घालायचं, बाकीची मोबाईलवरच्या जुगारात मुंडी घालून. मंग उपसरपंच महिपतीनं ग्रामसभेत ठराव आनला. रोज सांच्याला सातला भोंगा वाजनार. भोंगा झाला की घरोघर टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरांनी पुस्तकं उघडायची, आन् पंचायतीच्या मान्सांनी फेरी काढून बगायचं. पडकी तालीम उभी केली, मैदान केलं. आय-भैनीवरनं शिवी दिली तर चावडी झाडायची. (मी तीनदा झाडली. एकदा तर शिवी म्हशीला दिली व्हती, तरी बी.)

गुन आला, खोटं कशाला बोलू. तालुक्याचं सायब येऊन बगनार व्हतं, इतकं नाव झालं.

गुरुवारी भोंगा वाजला तवा मी बिरदेवाच्या गिरनीत व्हते. जुंधळ्याचं दळन अर्धं झालं आन् गिरनी मदीच गप झाली. सर्जेराव टेंपोवाला तितंच बसून बिरदेवाशी वाद घालत व्हता. तेवढ्यात भोंगा झाला. बिरदेव म्हनला, "आजी, ऱ्हायलेलं उद्या." मी अर्धं दळन डोईवं घेऊन घरी आले. सारी वाडी घरात गेली, फेरी निघाली.

भोंग्याचं बटन गेणूच दाबायचा. म्हंजी भोंगा वाजला तवर गेणू धडधाकट. त्याला मारलं ते भोंग्यानंतर. समद्यांनी असंच धरलं, मी बी.

दुपारला आनखी एक बातमी आली. ठमाबाईच्या झोपडीमागच्या उसात भोंगा घावला. एका अंगानं चेपलेला, रगात लागलेला.

२

ठमाबाईचा नातू इशाल. कागदावं विशाल, पर आमाला कुठं जमतंय. आय मेलेली, बाप लोनी देवकरच्या कंपनीत, सनावाराला तोंड दावनार. सतरा वर्साचं पोरगं. गेल्या साली यानंच पंचायतीच्या इन्वर्टरच्या बॅटऱ्या चोरून इकल्या व्हत्या. तवा गावानं त्याला पोलिसात दिलं न्हाय. सालभर रोज सकाळी तालीम झाडायची आन् बारक्या पोरांची कबड्डी घ्यायची, अशी शिक्षा दिली. पोरगं त्यात रमलं. बारकी प्वारं त्याला 'सर' म्हनाया लागली, तवा हा तालमीमागं जाऊन रडला. हे मी सोता बगितलं, थाप न्हाय.

आमच्या वाडीची पोलीस पाटील म्हंजी माजी नातसून राजनंदिनी. मी तिच्यासंगं गेले. तिनं 'चला' म्हनलं न्हाय, तरी बी गेले.

इशाल तालमीत भितीला टेकून बसला व्हता. झाडू मांडीवं.

"गुरुवारी कुठं हुतास?" नंदिनीनं इचारलं.

"भोंगा हुईस्तवर मैदानावं. समदी प्वारं हुती की, इचारा."

"आन् भोंग्यानंतर?"

"घरी. निजलो."

"फेरीवाल्यांनी तुजं दार बगितलं, कडी व्हती म्हनत्यात."

"आतनं लावली व्हती. मला फेरी आवडत न्हाय. दुसऱ्यांच्या दारात इचारत्यात 'अभ्यास चालू हाय का', माज्या दारात इचारत्यात 'हाय का घरात?'"

"ठमाबाई कुठं व्हती?"

"आत्तीकडं, डाळजला."

म्हंजी साक्षीला मानूस न्हाय. मी म्हनलं, "इशल्या, खरं सांग. मी पोटात ठेवीन."

त्यानं माज्याकडं बगितलं. "आजी, तुमच्या पोटात मगर बी ऱ्हायली न्हाय."

मला हसू आलं आन् लगेच भरून बी आलं. तेवढ्यात दारात महिपती उभा ऱ्हायला. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. मानूस वाईट न्हवता हो. उन्हातान्हात हिंडून त्यानंच हे समदं उभं केलेलं.

"पाटीलबाई, ठान्यातलं सायब म्हनत्यात, गावानं एकमतानं नाव द्यावं. येत्या गुरुवारी ग्रामसभा घेतो. याचं नाव देऊ आन् तालमीला कुलूप घालू. आमीच चुकलो. चोराच्या हातात झाडू दिला, त्यानं काठी केली."

"आबा, अजून काय सुदीक ठरलं न्हाय," नंदिनी म्हनली.

"उसात भोंगा घावला. आनखी काय ठरायचं ऱ्हायलं?"

इशाल उठला. झाडू कोपऱ्यात नीट उभा करून ठेवला आन् माज्या कानाशी येऊन म्हनला, "आजी, गुरुवारच्या आदी मी हितनं जातो. परत तुमाला दिसायचो न्हाय."

कुठं जातो, ते त्यानं सांगितलं न्हाय. ठमाबाईच्या झोपडीम्होरं हीर हाय, जुनी, बिनकठड्याची. मी दीपकला त्याच्या उशाला नेऊन निजवला, हालू नगं म्हनून.

३

भोंग्यावं राग कुनाकुनाचा व्हता? तसा निम्म्या गावाचा. पर उघड बोलनारी दोनच.

पैली द्वारकाबाई. तिचं घर पार खालच्या अंगाला, महिपतीच्या पेरूच्या बागंला लागून. तिची शिरेल सातच्या टायमाला ऐन रंगात येती.

"पाडला तर बरं केलं!" तिनं आमाला च्या दिला आन् सुरू झाली. "त्या भोंग्यापायी शिरेलीतल्या सुनंचं बाळ कुनाचं, ते अजून मला कळलं न्हाय. आन् गुरुवारी तर टीव्ही आदीच बंद व्हता माजा. तरी बी मेला असा वराडला, जनू माज्या न्हानीतच बसून! रोज कसा लांबनं येतो, वाऱ्यावं. त्या दिशी कानठळ्या बसल्या. कोंबड्या उडाल्या."

"मंग तू गेलीस का छपरावं?" मी इचारलं.

"मी? मुक्ताबाई, माजं गुडघं बगा. मला पायरी चढता येत न्हाय, छपरावं चढून मी काय मोर नाचवू?"

दुसरा सर्जेराव. टेंपोत पेरू भरून डाळजच्या हायवेला उभा ऱ्हातो. टेंपोवं कर्ना हाय, 'पेरू गोड, पेरू गोड' म्हनत बॅटरीवं दिसभर कोकलतो. सांच्याला चौकात अंडाबुर्जी लावायचा, भोंग्यानं ते धंदं बसलं.

"मी हानला असता तर सांगून हानला असता," तो म्हनला. "पर भोंगा झाला तवा मी गिरनीत व्हतो, ही म्हातारीच माजी साक्ष. मंग बिरदेवाच्याच घरी जेवलो."

"टेंपो कुठं व्हता?" नंदिनीनं इचारलं.

"दुपारपास्नं महिपतीआबांच्या बागंत, माल भराया. आबा आन् त्येंचा पोरगा ऋषिराज भरत व्हते. मी शुकीरवारी सकाळी उचलला."

घरी आल्यावं नंदिनीनं उसात घावलेला भोंगा पोत्यातनं काढला. ठान्यात द्यायच्या आदी तिला एकदा बगायचा व्हता. मी हात लावनार तर तिनं माजा हात झटकला. भोंग्याच्या तोंडात आत काय तरी पांढरं अडकलं व्हतं. चिमट्यानं वढलं. फोमची जाळी. पेरूला डाग पडू नये म्हनून झाडावंच घालत्यात, ती.

"ठमाबाईच्या दारात पेरू न्हाय," नंदिनी म्हनली.

"तिच्या दारात शेवग्याचं झाड सुदीक न्हाय," मी म्हनलं.

"मंग सर्जेराव?"

"तो माज्या डोळ्याम्होरं व्हता. आन् महिपती भोंग्यानंतर फेरीत, चार मान्सांसंगं. ऋषिराज बी घरात पुस्तक धरून बसलेला, फेरीवाल्यांनी बगितला."

"म्हंजी भोंग्यानंतर समदी जागच्या जागी," नंदिनी म्हनली. "कडी लावून बसलेला एकटा इशालच."

४

बुधवारी दुपारी जेवाया बसलो. नंदिनीनं भाकरी थापली तर तव्यावं टाकंस्तवर तिचे तुकडे पडले.

"आजी, हे पीठ हाय का वाळू?" दीपक म्हनला. त्याला इशालच्या उशाला निजवून निजवून चिडचिड आलेली.

"भरड हाय ती. गिरनी मदीच गप झाली तर मी काय करू? दातानं दळू? गुरुवारी दळन न्यायचंच न्हाय. दर गुरुवारी तारा दुरुस्त कराया—"

घास हातातच ऱ्हायला.

दर गुरुवारी तारा दुरुस्त कराया गावची लाईट बंद करत्यात. बहुतेक दुपारीच येती. कवा कवा सांज हुती.

"नंदिनी," मी म्हनलं, "गुरुवारी लाईट आली कवा?"

"फेरी आपल्या दाराशी आली तवा. बल्ब लागला म्हनून मी दार उघडलं." ती बोलली आन् तिचा हात बी परातीत थांबला.

आमी दोगी एकमेकीकडं बगत बसलो. दीपक म्हनला, "काय झालं? मगर दिसली का?"

५

ग्रामसभा चावडीम्होरं भरली. म्होरल्या आठवड्यात सायब येनार म्हनून छपरावं नवा भोंगा बसवलेला. इशाल खाली बसला व्हता, ठमाबाईनं त्याच्या मनगटाला धरून ठेवलेलं, जनू जत्रंत हरवंल. महिपतीनं ठराव वाचाया घेतला, तशी मी उठले.

"मला बोलायचंय."

मागनं कोन तरी वराडलं, "आजी, मगर आनली का?" समदी हसली.

"आनली हाय," मी म्हनलं. "ती बसलीया तुमच्यातच. पैलं मला एक सांगा. गेल्या गुरुवारी भोंगा कुनी कुनी ऐकला?"

समद्यांनी हात वर केलं.

"आन् तवा कुनाच्या घरात लाईट व्हती?"

एक बी हात वर ऱ्हायला न्हाय. बिरदेव हळूच म्हनला, "न्हवती. गिरनी बंद व्हती."

"माजा टीव्ही बी," द्वारकाबाई म्हनली.

"नंदिनी, पंचायतीचा मेन स्वीच पाड. महिपती, तू बटन दाब."

"काकी, हा काय पोरखेळ हाय का? ग्रामसभा चाललीया."

"दाब की. तूच बसवलायस."

गाव बगत व्हतं, त्याला उठावंच लागलं. त्यानं बटन दाबलं. समद्यांनी माना वर केल्या. छपरावरचा नवा कोरा भोंगा तसाच आ वासून. कबुतरं सुदीक उडाली न्हाईत.

मागनं एक पोरगं म्हनलं, "आवो, तवा इन्वर्टर असंल की!"

मंग इशाल उठला. ठमाबाईचा हात त्यानं सोडवला.

"इन्वर्टरला बॅटऱ्या न्हाईत," तो म्हनला. "मी चोरल्या व्हत्या. इकल्या. परत कुनी बसवल्या न्हाईत."



नंदिनी म्होरं झाली. "गुरुवारी आपन जो ऐकला तो हा भोंगा न्हवताच. कुनी तरी दुसरीकडनं वाजवला, बॅटरीवरच्या कर्न्यावं. का, तर भोंगा वाजला की समदी म्हननार, तवर गेणू चांगला व्हता. खरं बगितलं तर गेणू त्याच्या आदीच पडला. भोंग्याच्या आदी इशाल मैदानावं व्हता, पंधरा पोरांत. आता प्रश्न एवढाच, की आदी कोन कुठं व्हतं."

"आन् वाजवला त्याला गावात लाईट न्हाय हेच ठाव न्हवतं," मी म्हनलं. "गावात बसलेल्या मान्सानं ही चूक केली नसती. ज्याची मोटर शेतातल्या लायनीवं झ्याक चालू व्हती, त्याला काय कळनार? शेताची लाईन येगळी, गावाची येगळी. द्वारकाबाईच्या न्हानीशी आवाज आला. तिच्या न्हानीम्होरं कुनाची बाग हाय? तितं टेंपो कुनाचा उभा व्हता? भोंग्याच्या तोंडात पेरूची जाळी कशी आली?"

"काकी, जन्मभर थापा मारल्या तुमी!" महिपती वराडला. "या म्हातारीच्या बोलन्यावं—"

"दादा, बास."

ऋषिराज. महिपतीचा एकुलता एक ल्योक, बापाला 'दादा' म्हननारा. फेरीवाले ज्याचं दार दावून बाकीच्यांना म्हनायचे, 'बगा, अभ्यास असा करत्यात.' तो उठून उभा ऱ्हायला.

"मी चढलो व्हतो. वायर कापाया. लाईट न्हवती म्हनूनच चढलो, शाक बसनार न्हाय म्हनून. प्वारं मला 'भोंग्याचं पिल्लू' म्हनत्यात. मोबाईलवं मी किती हरलोय ते दादांना ठाव न्हाय. रोज भोंगा झाला की पुस्तकात मोबाईल घालून खेळायचो, आन् फेरीवाले शाबासकी देऊन जायचे. मला वाटलं, भोंगाच न्हाय तर नाटक बी न्हाय. गेणूकाका वर आले. 'उतर लेकरा, पडशील' म्हनले. मी हात झटकला. त्यांनी भोंग्याला धरलं, तो उपटला..."



"तू दादाला सांगितलंस, लाईट न्हाय म्हनून?" नंदिनीनं इचारलं.

"न्हाय. पळत बागंत जाऊन गेणूकाका पडले एवढंच सांगितलं. दादांनी फोनमदला भोंग्याचा व्हिडिओ टेंपोच्या कर्न्याला जोडला, सायबांना दावाया काढलेला. मला तवाच कळलं की चुकलं. पर... मला वाटलं, कुनाच्या तरी ध्यानात यावं."

महिपती खाली बसला. धोतराचा सोगा मातीत.

"तू गेणूला बगाया गेला व्हतास?" मी इचारलं.

"गेलो व्हतो. भोंगा त्याच्या अंगाखालनं काढून बागंत न्हेला, मंग रातीच्याला उसात टाकला." त्याचा आवाज पार बारीक झाला. "मला वाटलं, मेला."

"नाडी बगितलीस?"

"हात म्होरं झाला न्हाय, काकी. जिता असला तर मला काय तरी करावं लागलं असतं."

त्याच रातीच्या फेरीत तो माज्या दारात आला व्हता, 'काकी, टीव्ही बंद हाय ना?' इचाराया. मी त्याला पानी दिलं व्हतं. तवा गेणू घानेरीत पडलेला.

६

ऋषिराजला पुन्याला पोरांच्या कोर्टात नेलं. महिपतीला ठान्यात. सायब काय वाडी बगाया आलं न्हाय.

इशालचं नाव ठरावातनं खोडलं, आन् गाव उठून घरी गेलं. एवढंच. ठमाबाई चावडीवंच बसून ऱ्हायली. "माज्या लेकराला कुनी 'चुकलं' म्हनलं का गं, मुक्ता?" तिनं मला इचारलं. कुनी म्हनलं न्हवतं. मंग मी म्हनलं. पर एकटीच्या म्हनन्यानं काय हुतंय?

दुसऱ्या दिशी सकाळी मी तालमीकडं गेले तर आत झाडूचा आवाज. इशालची शिक्षा तर त्याच हप्त्यात सरली व्हती.

"आता कशाला रं?" मी इचारलं.

"प्वारं येनार हायत." झाडता झाडता म्हनला, "आजी, तो ऋषा परत आला तर त्याला हितं धाडा. दुसरा झाडू हाय."

"त्यानं तुजं नाव फुकट जाऊ दिलं की."

"व्हय. म्हनूनच. मोठा झाडू त्याला देनार."

गेणूला सुद आली ती ऐतवारी. दाताखाली घट काय देऊ नका, डाक्टर म्हनला. घरात काय व्हतं? त्या दिशीची भरड. तिच्या ताकातल्या कन्या, पेजेवानी पातळ, शिजवल्या आन् दीपकच्या गाडीवं बसून बारामतीला घेऊन गेले. गावाला बोलतं करनारा समदा पुरावा गेणूनं वाटीभर करून खाल्ला.

खाऊन झाल्यावं त्यानं तोंड पुसलं.

"पोरगं बरं हाय ना? ऋषा?" त्यानं इचारलं. "माज्याबरूबर तो बी घसरला व्हता."

"बरा हाय."

"मंग झालं. आन् मुक्ताआक्का, मला एक आठवतंय बग. मी खाली पडलो व्हतो, डोळं उघडत न्हवतं. पर महिपतीआबा आले व्हते. वास आला, बुक्क्याचा. म्हनलं, आबा आले, आता काळजी न्हाय. आन् मंग मला झोपच लागली." तो माज्याकडं बगून हसला. "त्यांनीच आनलं ना मला हितं?"

मी वाटी हातात धरून बसले. दोन मगरी पाळनारी बाई मी. साऱ्या वाडीला आजवर थापांवं जगवलं. एक बारकीशी थाप लागत व्हती, गेणूपुरती. लई हुडकली, पर घावंना.